सुजूच्या हळदीला मी कुठे होते

लग्न झाल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, सुजूच्या हळदीला तिची आई कुठे होती? काहींनी मला तोंडावर विचारलं. बाकीच्यांनी माझ्या जावेला विचारलं आणि जावेने तिच्या पद्धतीने उत्तर दिलं. माझं उत्तर कुणी ऐकून घेतलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे. ज्यांचे सगळे रिपोर्ट चांगले येतात आणि तरी घरात अगरबत्ती पेटली की ज्यांचा श्वास अडकतो, त्यांनी हे वाचावं. त्यांच्या घरच्यांनी तर नक्की वाचावं. यात औषध सांगितलेलं नाही. ते मलाही अजून सापडलेलं नाही.

नाकावर उभा केलेला धंदा

भिवंडीत कामतघरला माझा कापडाचा गाळा आहे. पॉवरलूमवरून उतरलेलं कोरं कापड, छापून आलेलं कापड आणि उरलेले तुकडे मी वजनावर घ्यायचे आणि फेरीवाल्यांना, शिंप्यांना विकायचे. हा धंदा मला कुणी दिला नाही. माझा नवरा दापोड्याला, आमच्याच गावात, एका गोदामावर सुपरवायझर. मी डोक्यावर गाठोडं घेऊन दारोदार परकराचं कापड विकत होते, तिथून गाळ्यापर्यंत आले. भावात मी कुणाला ऐकत नाही. लोक मला भांडखोर म्हणतात आणि माल माझ्याकडूनच घेतात.

कापड मी नाकाने घ्यायचे. मूठभर चुरगळायचं, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि वास घ्यायचा. सुताला लावलेल्या कांजीने ओल खाल्ली की आंबट वास येतो. तेलाचा डाग रॉकेलने काढला असेल तर तोही लपत नाही. दुसरं म्हणजे, गठ्ठ्याची वरची घडी बघायची नाही. ती विकणाऱ्याने निवडून ठेवलेली असते. हात आत घालून मधली घडी ओढायची. सुजू, माझी एकुलती एक मुलगी, शाळा सुटल्यावर गाळ्यावर येऊन बसायची तेव्हा तिला मी हेच शिकवलं.

ज्यांच्या लूमचा माल मी घ्यायचे ते इस्माईलभाई मला म्हणायचे, "बाई, आप कपड़ा लेती हो या सालन चखती हो?"

"सालन में नमक कम है, भाई. भाव उतारो," मी म्हणायचे.

ते दोन वास

एका उन्हाळ्यात मी गाळ्याला आतून ऑइलपेंट दिला आणि त्याच आठवड्यात वाळवीचं औषध मारून घेतलं. भिवंडीत तेव्हा लोडशेडिंग होतं. दुपारी लूम बंद पडायचे, पंखाही बंद. गिऱ्हाईक सोडून मी कशाला बाहेर जाते? शटर अर्धं ओढून बसून राहिले. दोन-तीन दिवसांनी डोकं जड झालं, जीभ जाड लागायला लागली. वाटलं, ऊन लागलं असेल.

रंग वाळला, औषधाचा वास गेला, पण माझं काही गेलं नाही. आता नवं छापील कापड उघडलं की छातीवर कुणी पाट ठेवल्यासारखं व्हायचं. मग फिनेल. मग कपड्यांची पावडर, डासांची अगरबत्ती, रिक्षातल्या माणसाचं अत्तर. एकदा इस्माईलभाईंनी आणलेला चांगला छापील माल मी नुसता जवळ धरला आणि लांब ढकलला.

इस्माईलभाईंना अपमान वाटला. म्हणाले, "आज नाक बीमार है या मेरा माल?"

मला भाव करायची शुद्ध नव्हती. मी गाळ्याच्या पायरीवर बसले आणि तिथेच कलंडले. त्यांनीच रिक्षा थांबवली, आणि रिक्षावाल्याला आरशाला लटकवलेली सुगंधी डबी काढायला लावली. तेव्हा त्यांना काही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. त्या माणसाने माझं तोंड बघून एवढं ओळखलं. हे मी विसरणार नाही.

खाटेच्या दोन बाजू

भिवंडीच्या आमच्या डॉक्टरांनी दमा म्हटलं, मग ॲलर्जी म्हटलं, मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे मला ठेवून घेतलं.

इस्पितळात सकाळ फिनेलने उजाडते. बादलीची कडी वाजली की मी पदर तोंडात कोंबायचे. लादी पुसणाऱ्या मावशींनी दुसऱ्या दिवशी हे पाहिलं. तिसऱ्या दिवसापासून माझ्या खाटेभोवतीचा तुकडा त्या वेगळ्या बादलीतल्या साध्या पाण्याने पुसायला लागल्या. मी आभार मानले तर म्हणाल्या, "गप ऱ्हावा. सिस्टरला कळलं तर मलाच खाटेवर झोपवतील."

रक्त, छाती, हृदय, डोकं, सगळं तपासून झालं. सगळं चांगलं. माणसाला आपले रिपोर्ट चांगले आले म्हणून रडू येतं हे मला तिथे कळलं.

निदानाच्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेच्या उजव्या बाजूला होते, चष्मेवाल्या तरुण डॉक्टरबाई डाव्या बाजूला. पायाशी नवरा आणि सुजू. मोठे डॉक्टर म्हणाले, "शरीरात काहीही दोष नाही. वासांमुळे आजार होतो असं ह्या बाईंना वाटतं. मानसोपचाराला पाठवा."

चष्मेवाल्या हळूच म्हणाल्या, "सर, रोजच्या वापरातली रसायनं सोसत नाहीत अशी तक्रार बऱ्याच पेशंटची असते. यावर वाद आहे."

"वाद आहे म्हणजे पुरावा नाही."

"पुरावा नाही म्हणजे त्रास नाही असं होत नाही, सर."

पुढचं इंग्रजीत झालं. मी एकदा याच्या तोंडाकडे, एकदा तिच्या तोंडाकडे बघत होते. आयुष्यभर मी सौदे केले, पण सौदा माझा आणि बोलायची मला परवानगी नाही, असं कधी झालं नव्हतं. मी म्हणाले, "डॉक्टर, मलाही काही विचारा की." मोठे डॉक्टर घड्याळ बघून पुढच्या खाटेकडे गेले. जाताना नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काळजी नको. मनाचं आहे."

तो माणूस दिवसभरात कितीतरी वाक्यं बोलला असेल. हे एक आमच्या घरी आलं आणि राहिलं. माझा राग त्याच्यावर आहे. आजाराला नाव नसेल तर नाही म्हणा. पण पायाशी माणसं उभी असताना, पाठ फिरवता फिरवता मनाचं आहे असं म्हणू नका.

घर

घरी मी नियम केले. अगरबत्ती बंद, फिनेल बंद, सुगंधी साबण बंद. कपडे साध्या पाण्यात, फार तर रिठ्यात. नवं कापड घरात नाही. नवरा पूजा करायला भावाच्या घरी जायला लागला. जाताना चपला अशा वाजवत घालायचा की मला ऐकू यावं.

जावेचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. ती दारात उभी राहून म्हणायची, "देवाची अगरबत्ती चालत न्हाय, आणि लूमवाल्याशी भांडायला दम पुरतो. तुज्या नाकाला कुणाचं चांगलं बघवत न्हाय गो."

"तुझ्या तोंडाचा वास सोसते ना, तेवढं पुरे," मी म्हणायचे, आणि आत येऊन रडायचे.

सुजूने मात्र सगळं पाळलं. कॉलेजला जाताना पावडर मैत्रिणीकडे लावायची, येताना तोंड धुऊन यायची. गाळाही तीच बघायला लागली. मी बाहेर पायरीवर बसायचे, ती आतून कापडाची मूठ वर करून दाखवायची आणि वास कसा आहे ते मला शब्दांत सांगायची. "आई, आंबट नाही. थोडा धुरकट." मी भाव सांगायचे. असे आम्ही दोघींनी मिळून बरेच दिवस काढले. माझ्या आजारपणातले ते चांगले दिवस होते.

मग जवळच्याच मानकोलीचं स्थळ आलं. मुलगा ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, माणसं साधी. लग्न ठरलं. आमच्या घरात मुलीला पहिली हळद आईच्या हातची लागते. बाकीच्या सवाष्णी नंतर. सुजू मला म्हणाली, "मला बाकी काही नको. हळद तू लाव."

मी म्हणाले, "लावणार. मग काय जाऊबाई लावेल?"

एवढंच माझं मागणं होतं. आजाराकडून दुसरं काही मी सोडवून मागत नव्हते.

गादीखालची घडी

लग्नाला थोडे दिवस होते. दुपारी सुजू माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे चमकत होते.

"आई, चिडायचं नाही. आधी ऐकायचं."

"म्हणजे चिडण्यासारखं आहे."

तिने उठून माझी गादी उचलली. खाली छापील कापडाची आख्खी घडी होती. नवी, न धुतलेली, ज्या मालाने मी कलंडले होते त्यातलीच. "रविवारपासून आहे इथे," ती म्हणाली. "तू छान झोपलीस. घोरलीससुद्धा."

"आणि परवाची निळी साडी आठवते? तू नेसल्यावर मी म्हटलं, अगं, ही चुकून काकूच्या पावडरने धुतली. तू धापा टाकत बसलीस. आई, ती साडी साध्या पाण्यातली होती."

"तू माझी परीक्षा घेतलीस?"

"तूच शिकवलंस ना. सांगणारा सांगतो त्यावर जायचं नाही. मधली घडी ओढायची."

"मी गठ्ठा आहे का?"

"आई, तू बरी होशील, हे सांगतेय मी. कापडाने होत नसेल तर यातून बाहेर येता येईल. हळदीला..."

मी पुढचं ऐकलं नाही. माझा स्वभाव गरम आहे, तो आजारात काही निवत नाही. मी तिला काय काय बोलले ते लिहीत नाही. ती घडी मी अंगणात फेकली. जाऊ दारात आली, हसली, आत गेली. सुजू घडी उचलून झटकत राहिली.

मला खोटं बोलताना पकडल्यासारखं वाटलं आणि मी तर खोटं बोलले नव्हते. धापा मी आणल्या नव्हत्या, त्या आल्या होत्या. शिवाय असंही झालं होतं की एका नातेवाइकाच्या घरात पाय टाकताच माझी जीभ जड झाली, आणि मागून कळलं की आतल्या खोलीत सकाळीच रंग दिला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. मग ते काय होतं? सुजूची घडी आणि साडी एका पारड्यात आणि माझी ही खोली दुसऱ्या पारड्यात. काटा कुठे थांबतो ते मला आजही सांगता येत नाही.

"मला माहीत नाही"

मी एकटी मुंबईला गेले आणि चष्मेवाल्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही. तुमची मुलगीही खोटं बोलत नाही. वास लपवून दिला तर अशा बऱ्याच पेशंटना तो ओळखता येत नाही, हे खरं आहे. त्यांना होणारा त्रास खरा असतो, हेही खरं आहे. तो सुरू कुठून होतो यावर आमचं एकमत नाही. मला माहीत नाही."

"तुमचे मोठे डॉक्टर म्हणाले मनाचं."

"मन अंगातच असतं ना, काकू. भीतीने छाती धडधडते ती काय खोटी असते?"

"मग मी भांडू कुणाशी?"

त्या हसल्या. "माझ्याशी भांडा. महिन्याला एकदा येऊन भांडून जा."

एखादा डॉक्टर "मला माहीत नाही" म्हणाला तर लोक दुसरा डॉक्टर शोधतात. मी तिथेच राहिले. त्यांनी श्वासाचा एक प्रकार शिकवला आणि सांगितलं, एकेका वस्तूशी लांबून ओळख करा, रोज थोडी जवळ घ्या. घाई नको. पण लग्न घाईतच होतं.

सुजूशी मी बोलायला लागले, पण पूर्वीसारखं नाही. ती पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि माझा हात मध्येच थांबायचा. यात काही घातलं असेल का? आता काय बघायचं असेल हिला? पोर माझ्या हाताखाली तयार झालेली. तिला थांबलेला हात दिसायचा.

हळद

आमच्याकडे हळद म्हणजे गाव येतं. अंगणात मांडव, नव्या साड्या, गजरे, पोरांचे अत्तर मारलेले शर्ट, खुर्च्यांना नुकताच दिलेला रंग. लग्नाची गाणी म्हणणारी आमची म्हातारी धवलारीण दुपारीच येऊन बसली. मी श्वास मोजत मांडवात गेले. नवऱ्याने देवापुढे अगरबत्ती लावली नव्हती, पण शेजारच्या बायांनी आपापली आणली होती. खांबापर्यंत पोचले आणि तिथे डोळ्यांपुढे काळं आलं. नवऱ्याने मला धरून रस्त्यापलीकडे नेलं. तिथे त्याच्याच गोदामाचा माल उतरवायचा ओटा आहे. त्याच्यावर बसवलं. या खेपेला तो चपला वाजवत गेला नाही. थोडा वेळ माझ्या बाजूला बसला आणि म्हणाला, "मी जाऊ? पाहुणे आलेत."

"जा," मी म्हणाले.

ऊन उतरलं होतं. पलीकडे धवलारणीने आवाज लावला. त्या गाण्यात ती नवरीच्या आईला हाक मारते, आणि आईने पुढे व्हायचं असतं. तिने हाक मारली. मग थांबली. मग पुन्हा मारली. मला ओट्यावर सगळं ऐकू येत होतं. त्यानंतर जाऊबाईचं नाव घेतलं गेलं आणि बाया ओरडल्या, म्हणजे हळद लागली.

थोड्या वेळाने सुजू मांडवाच्या मागच्या बाजूने निघाली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. एकटी. मला वाटलं होतं ती पिवळीजर्द असेल, पण तिचं तोंड आणि हात कोरडे होते. हळद फक्त पायांना होती. हातात एक छोटी वाटी.

ती ओट्यापासून थोडी अलीकडे थांबली. "काकूला म्हटलं, पायाला लाव. तोंड आईचं आहे." वाटी पुढे केली. "ही मी घरी कुटलीय. साधी हळद, पाणी. तेलसुद्धा नाही. अंगावरची साडी रिठ्यात धुतलेली. मांडवात मी दाराशी बसले, धुराकडे गेले नाही. आई, यात काहीच नाही."

वारा माझ्या पाठीकडून तिच्याकडे जात होता. मला तिचा कसलाच वास आला नव्हता, आणि हे मी तेव्हाही जाणत होते. पण ती "यात काहीच नाही" म्हणाली आणि मला गादीखालची घडी दिसली. निळी साडी दिसली. छातीवर पाट आला.

मी ओट्यावर उठून उभी राहिले आणि मागे सरले.

एकच पाऊल. मांडवातल्या कुणाला दिसलं नसेल. सुजूला दिसलं. ती थोडा वेळ वाटी तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. राहू दे." वाटी तिने ओट्याच्या कडेवर ठेवली आणि गेली. रस्त्याच्या मध्यावर तिने पाठीमागे हात नेऊन पदर ओढून घेतला. तोंड पुसलं असेल. मला पाठच दिसत होती.

मग मी ती वाटी उचलली. त्यात बोट घातलं, नाकाशी नेलं. हळदीचा वास होता, दुसरा कसलाही नाही. मला काही झालं नाही. मी हाक मारली, पण तोवर बँड सुरू झाला होता.

मी तिथे होते. सुजूच्या हळदीला मी रस्त्यापलीकडे होते.

आता

आता मी बरी आहे म्हणायला हरकत नाही. चष्मेवाल्या डॉक्टरांकडे जाते, भांडते, येते. गाळ्यात अर्धा दिवस बसते, दार उघडं ठेवून. छापील माल अजून घेत नाही. इस्माईलभाई कोरं कापड आधी त्यांच्या गच्चीवर वाऱ्याला टाकतात आणि मग आणतात, त्याचा भाव लावत नाहीत आणि मीही विषय काढत नाही. घरी सकाळी एक अगरबत्ती लागते, अंगणात. मोठे डॉक्टर खरे की चष्मेवाल्या, की सुजू, की मी, याचा निकाल लागलेला नाही. लागला तरी त्याचं मी आता काय करू?

हे वाचणाऱ्या घरच्यांना एवढंच सांगते, तुमच्या माणसाला पारखायचं असेल तर त्याला सांगून पारखा. त्याला बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा आणि तिथे पारखा. लपवून ठेवलेली घडी सापडते, पण मग साध्या पाण्याचीसुद्धा भीती वाटायला लागते. आणि आजाऱ्याला काय सांगू? तुमच्यासमोर कुणी वाटी धरली तर...

सुजू मानकोलीहून महिन्या-पंधरवड्याने येते. रिक्षातून उतरते, अंगणात थांबते. पदराचं टोक हातात धरून जरा वर करते आणि वारा कुठून आहे ते बघते. मग वाऱ्याच्या खालच्या बाजूला, तिचा वास माझ्याकडे येणार नाही अशी, तुळशीपलीकडे पायरीवर बसते. घरच्या गोष्टी सांगते, सासूची नक्कल करते, मला हसवते.

मी म्हणते, "सुजू, जवळ ये ना. काही होत नाही आता मला."

ती म्हणते, "बसलेय ना आई. इथूनच बरं ऐकू येतं."